डायलटोन तर आहे

"आप्पा, डायलटोन आहे का बघा बरं."

आप्पांनी पेपर मांडीवर ठेवला, फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि डोळे मिटले. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं लाइनमन म्हणून काढलेला माणूस तो, डायलटोनसुद्धा भजन ऐकल्यासारखा ऐकायचा.

"हाय की. खणखणीत हाय."

"मग हा नाही का म्हणतोय?"

"कोन?"

"मोडेम."

"मग त्यालाच इचार. मला कशाला उठवतीस?"

ओसरीवर सुपात घेवडा निवडत बसलेली शेजारची हौसाकाकू पदराआड हसली. मी आतल्या खोलीत येऊन परत संगणकासमोर बसले. काळ्या पडद्यावर तेच दोन शब्द होते, नो डायलटोन. दीड तासात अकराव्यांदा.

दोन हजार दोन सालचा एप्रिल, वार गुरुवार. आदल्याच दिवशी, बुधवारी, हाच मोडेम याच वेळी चाळीस मिनिटं विनातक्रार चालला होता. मधल्या रात्रीत मी त्याला बोटही लावलं नव्हतं. मग काल ऐकू येत होतं ते याला आज का ऐकू येत नाही, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. वडूजला एका शाळेत तासिका तत्त्वावर गणित शिकवत होते, म्हणजे तास असला तर मास्तरीण, नसला तर घरी. एप्रिल संपला की तेही संपणार होतं आणि जूनमध्ये परत बोलावतील की नाही हे कुणीच सांगत नव्हतं. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीला लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी फुकट मिळणारी प्रणाली, येणारी माणसं हवी होती; मी अर्ज टाकला. मी कराडहून आणलेल्या जुन्या संगणकावरची विंडोज पुसून लिनक्स टाकली आणि परतीचे दोर कापून मोकळी झाले. दोर कापल्यावर कळलं की मोडेम चालत नाही.

तो मोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून संगणकाला इंटरनेट जोडणारं कार्ड, स्वस्तातला होता. अशा मोडेमला स्वतःची अक्कल नसते. त्याच्या वाटणीचा विचार ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्रॅम करतो, डायलटोन ऐकणंसुद्धा ड्रायव्हरनंच करायचं. हे ड्रायव्हर विंडोजसाठी केलेले. लिनक्ससाठी कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी हौशी माणसानं रिकाम्या वेळात लिहिलेला ड्रायव्हर शोधायचा, तो आपल्या मशीनवर बसवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. दोन महिने मी हेच करत होते. बुधवारी सव्वातीनला तो लागला. मी ओरडत ओसरीवर आले, काकूनं कनवटीचा गुळाचा खडा काढून माझ्या तोंडात घातला, आणि आप्पा म्हणाले, "लाइन चांगली हाय आपली, लागंल न्हाय तर काय."

त्या चाळीस मिनिटांत पुण्याच्या कंपनीची मेल वाचायला मिळाली. मुलाखत वगैरे काही नव्हती. सत्तावीस तारखेला, शनिवारी, संध्याकाळी पाचच्या आत स्वतःच्या लिनक्स मशीनवरून, स्वतःच्या मोडेमवरून एक मेल पाठवायची. मोडेम कुठं अडला होता, दोष कसा सापडला, काय दुरुस्त केलं, हे तीत लिहायचं. मेल कुठल्या मशीनवरून आली ते आम्हाला कळतं, सायबर कॅफेतून पाठवू नये. एवढीच परीक्षा.

तिथल्या तिथं चार ओळी लिहून पाठवल्या असत्या तर मी त्या दिवशीच सुटले असते. पण आम्हा मास्तरलोकांना आधी कच्चं आणि मग पक्कं लिहायची खोड. इंग्रजी चुकायला नको, दहा दिवस तर आहेत, असं म्हणून मी लाइन बंद केली. रात्री पाच पानं सुवाच्य लिहून काढली. आणि गुरुवारी दोन शब्दांनी माझं दार लावून घेतलं.

संगणक घरात आला त्या दिवशीच आप्पांनी जाहीर करून टाकलं होतं, "दुपारी दोन ते पाच फोन जयूचा. कुनी हात लावायचा न्हाय." आई गेल्यापासून ते असं काहीतरी मोठ्यानं जाहीर करायचे आणि मग पाळायचे. गल्लीत फोन आमचा एकटाच होता, खात्यातून निवृत्त झालेल्यांना मिळतो तो. त्यामुळे सहा घरांचा पी.पी. नंबर आमचाच असायचा. कुणाचा जावई, कुणाची लेक, कुणाचा फौजेतला मुलगा, सगळे आमच्याकडे वाजायचे. आप्पा ओसरीच्या कडेला जाऊन ज्याची त्याची हाक मारायचे.

हौसाकाकूचा आनंदा फौजेत होता. जानेवारीपासून फौज सीमेवर जाऊन बसली होती, आणि त्याचा फोन आला तर दुपारी यायचा. वार ठरलेला नसायचा. म्हणून काकू जेवण उरकलं की सूप घेऊन आमच्या ओसरीवर यायची आणि पाच वाजता सूप उचलून जायची. मला तिची इतकी सवय झाली होती की ती तिथं का बसते हा प्रश्नच उरला नव्हता. उंबरा असतो, खांब असतो, तशी काकू असायची.

शुक्रवारी मला एक शोध लागला. आपल्याकडच्या डायलटोनचा सूर अमेरिकेतल्यापेक्षा वेगळा असतो आणि काही ड्रायव्हरना तो ओळखता येत नाही, असं माझ्या छापून आणलेल्या कागदांत एका ठिकाणी होतं. उपाय सोपा होता. टोनची वाट बघू नकोस, सरळ नंबर फिरव, अशी आज्ञा मोडेमला द्यायची. मी दिली. त्यानं मुकाट्यानं नंबर फिरवला, मिनिटभर गप्प बसला आणि म्हणाला, नो कॅरिअर. म्हणजे पलीकडे कुणी नाही.

मी वहीत लिहिलं, प्रयत्न चौदा. आधी ऐकू येत नव्हतं, आता कुणी उत्तर देत नाही. बुधवारी मात्र दोन्ही होतं.

शनिवारी मी ड्रायव्हर काढून परत बसवला. रविवारी एस.टी.नं कराडला जाऊन मैत्रिणीकडून नवीन लिनक्सची सीडी आणली. सोमवारी डिस्क धुऊनपुसून सगळं पहिल्यापासून घातलं. मंगळवारी मोडेमचं कार्ड काढून खोडरबरानं त्याच्या कडा घासल्या आणि दुसऱ्या खाचेत बसवलं. दर वेळी ड्रायव्हर हसतमुखानं सांगायचा की मोडेम सापडला, सगळं ठीक आहे. आणि दर वेळी नो डायलटोन. बाहेर आप्पांच्या कानाशी तो टोन घुमत असायचा, आत माझा मोडेम ठार बहिरा. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि आप्पा तर खोटं बोलत नाहीत.

"काय झालंय म्हनायचं तरी त्येला?" काकूनं विचारलं.

"तेच कळत नाही गं. बुधवारी नीट होता."

"दिष्ट लागली आसंल. मीठ-मोहऱ्या उतरून टाकू का?"

हसले मी, पण एवढी मेटाकुटीला आले होते की दुसऱ्या दिवशी खरंच तिनं मीठ-मोहऱ्या आणल्या आणि मी संगणकावरून उतरवू दिल्या. पदवीधर बाई, गणिताची. वहीत प्रयत्न क्रमांक तीसच्या पुढं मी तेवढं लिहिलं नाही.

गुरुवारी मात्र मी आप्पांना म्हणाले, "वायर तरी एकदा बघता का?"

आप्पांनी पेपरची घडी सावकाश घातली. मग खुंटीवरची पिशवी काढून पेचकस घेऊन आत आले. ओसरीतल्या भिंतीवर टेलिफोनचा पांढरा डबा होता. त्यातून एक वायर फोनला गेलेली आणि दुसरी उंबऱ्याखालून माझ्या संगणकापर्यंत आलेली. आप्पांनी माझ्याकडचं टोक हातात घेतलं, खटका दाबून बघितला, परत मोडेममध्ये बसवलं.

"या टोकाला काय न्हाय," ते म्हणाले.

"नक्की?"

"या टोकाला काय न्हाय, सांगितलं की."

आणि ते बाहेर गेले. आपण लाइनमनची मुलगी, आपल्या घरातली लाइन बिघडेल कशी, असा माझा समज. दुसरं टोक बघावं हे माझ्या मनातही आलं नाही. तो डबा आप्पांचा होता. देव्हाऱ्यातला शंख कुणी वाजवून बघत नाही, तसा तो डबा आमच्या घरात कुणी उघडून बघत नसे.

शुक्रवारी रडू आलं. पाच पानांतलं इंग्रजी मी सात वेळा सुधारलं होतं. दोष कसा सापडला, काय दुरुस्त केलं, सगळं त्यात होतं, आणि दुरुस्त काहीच झालेलं नव्हतं. मी ओसरीवर येऊन काकूशेजारी बसले.

"उद्या पाचपर्यंत नाही गेलं तर संपलं," मी म्हणाले.

आप्पांनी पेपर तोंडासमोर धरला होता. तो उलटा नव्हता, पण पान बराच वेळ तेच होतं.

"व्हईल गं बाय," काकू म्हणाली. तिचा हात घेवड्यातून फिरत होता, पण ती निवडत नव्हती. खडे आणि दाणे एकाच बाजूला पडत होते.

"आनंदाचा आला का गं फोन?"

"न्हाय. महिना व्हईल आता."

"येईल," मी म्हणाले, आणि प्रयत्न चाळीस करायला आत गेले. एवढंच बोलले मी. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

शनिवारी अडीच वाजता पोस्टमन आला. काकूचं पत्र तो आमच्याकडेच द्यायचा, कारण वाचायचं मीच. मी पडद्यावरचे दोन शब्द तसेच टाकून चिडचिड करत बाहेर आले आणि भराभर वाचायला लागले.

"तीर्थरूप आईस आनंदाचा साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. काळजी करू नये. आज बुधवार, सतरा तारीख. आज फोनला माझा नंबर होता. साडेतीनपासून लावत होतो, दर वेळी आप्पांचा फोन..."

मी थांबले.

"काय गं?" काकू म्हणाली. "काय झालं त्येला?"

"काही नाही. बरा आहे तो."

"मग वाच की."

पुढची ओळ गाळता आली असती. काकूला कळलंही नसतं. पण तिचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते, आणि आप्पांनी पेपर खाली ठेवला होता.

"दर वेळी आप्पांचा फोन बिझी लागत होता. मागे वीस जण उभे होते, म्हणून लाइन सोडली. आप्पा तर फोनवर एवढं बोलत नाहीत. तू आजारी नाहीस ना, आणि त्यासाठी कुणाला फोन चालला नव्हता ना, असा विचार येत राहिला. आता आम्ही पुढे जाणार, तिथे फोन नाही. किती दिवस ते सांगता येत नाही. त्याआधी सत्तावीस तारखेला, शनिवारी दुपारी, माझा एक नंबर आहे. तेव्हा फोनजवळ बसणे."

बुधवार. सतरा तारीख. साडेतीन. माझ्या तोंडात तेव्हा काकूनं दिलेला गूळ होता.

मोडेम लागला की फोन लागत नाही, हे मला माहीत नव्हतं थोडंच. वर्गात विचारलं असतं तर दोन गुणांचं उत्तर देता आलं असतं. पण ओसरीवर बसलेली बाई आणि माझी चाळीस मिनिटं यांची बेरीज मी केलीच नव्हती.

"काकू, त्या दिवशी मीच..."

"कळ्ळं मला," काकू म्हणाली. "आजची तारीख काय हाय?"

"सत्तावीस."

तिनं सूप बाजूला सरकवलं.

मी आप्पांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या डब्याकडे बघत होते. मी गेले आणि डबा उघडला. माझ्या खोलीकडे येणाऱ्या वायरची एक तार स्क्रूतून काढून, नीट मागं वळवून ठेवली होती. हात लाइनमनचा, त्यामुळे काम सुबक होतं.

"कधी?" मी विचारलं.

"मागल्या हप्त्यातल्या गुरुवारी. तू शाळेत हुतीस तवा."

"दहा दिवस मी तिथं डोकं आपटतेय, आप्पा."

"बघत हुतो की."

"मग सांगायचं."

"काय सांगू? फोन तुझा म्हनून मीच बोललोय. दिलेलं मागं मागू? आन हिला काय सांगू, पोराचा फोन आला तर आला, आमची पोरगी बसलीया म्हनून?" ते उठून डब्यापाशी आले. "वाटलं, उद्या आनंदाचा फोन यील आन लगीच जोडून टाकीन. रोज वाटायचं उद्या यील."

भीड वाईट. दोघींना दुखवायचं नाही म्हणून त्या माणसानं दोघींचा जीव टांगणीला लावला होता. मी बिचाऱ्या ड्रायव्हरला दहा दिवस फाशी देत होते, आणि चोर ओसरीवर पेपर वाचत बसला होता. मला राग आला होता, भयंकर आला होता, पण तो आप्पांवर धरावा तर बुधवार आठवायचा.

आप्पांनी पेचकस काढला, तार स्क्रूत घातली आणि आवळली. घड्याळात तीन वाजले होते.

"जा," ते म्हणाले. "पाच-धा मिन्टाचं काम. करून टाक."

"जा बाय," काकूही म्हणाली. "त्येचा काय लगीच लागत न्हाय."

मी आत गेले. मशीन चालूच होतं. एक कळ दाबायची होती. प्रयत्न बेचाळीस. मी खुर्चीत बसले आणि कळीवर बोट ठेवून तसाच थोडा वेळ काढला. दहा मिनिटं म्हणजे किती मोठी असतात हे मला आता माहीत होतं. मग मी मोडेमची वायर स्वतःच काढली आणि बाहेर येऊन उंबऱ्यावर बसले. मी फार मोठं मन केलं असं कुणी समजू नये. मला नुसती भीती वाटत होती.

तिघंही फोनकडे बघत बसलो. साडेतीन झाले. चार झाले. आप्पांनी एकदा रिसीव्हर उचलून टोन ऐकला आणि काकू दचकली, तेव्हा त्यांनी तो चटकन ठेवून दिला. सव्वाचारला काकू म्हणाली, "आता जा. मी सांगती तुला." मी मान हलवली. साडेचारला ती परत म्हणाली. पावणेपाचला मात्र कुणी काही म्हणालं नाही, आणि तेव्हा माझ्या मनात आलं की आता आला नाही तरी चालेल, आपल्याला पंधरा मिनिटं आहेत. असं मनात आलं होतं, ते लपवून काय करू.

पाचला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला.

आप्पांनी उचलून काकूच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. आनंदाचं आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, फक्त तिचं.

"हां. मीच. बरी हाय मी. न्हाय रं, मला काय हुतंय? जेवतोस का? काय देत्यात? आरं मग डाळ तरी खात जा... घेवडा निवडाय घेतलाय. व्हय. म्हस गाभन हाय." मग ती बराच वेळ ऐकत राहिली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. "कुनी बोलत न्हवतं रं. त्या दिशी म्या आदुगर हात लावला हुता फोनला, कुनी आलंय का बघाय. नीट ठिवलाच न्हाय मग. माझंच चुकलं. आडानी बाई मी."

घड्याळात पाच वाजत होते. काकूला घड्याळ कळायचं. "बरं ठिवती आता," ती घाईनं म्हणाली, "जयाबायला फोन पायजे." मी तिचा हात धरला आणि नको नको म्हणून मान हलवली. ती अजून दोन मिनिटं बोलली. मग पलीकडून लाइन सुटली. तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला, बरोबर, एका झटक्यात, जसा ती इतके महिने ठेवत आली होती.

पाच वाजून सहा मिनिटांनी मोडेम पहिल्या फटक्याला लागला. ड्रायव्हरमध्ये दोष नव्हता, कधीच नव्हता. मी पाच पानं बाजूला ठेवली आणि तीन ओळी लिहिल्या: मोडेम आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक होते. ओसरीतल्या डब्यातली एक तार काढलेली होती. तार कुणी काढली आहे का, आणि का, हे मी दहा दिवस कुणाला विचारलं नाही, दोष तिथं होता.

सोमवारी उत्तर आलं. मेल वेळेनंतर मिळाली, आभारी आहोत. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पाच म्हणजे पाच. जूनमध्ये शाळेनं परत बोलावलं, पुढच्या वर्षी कराडला एका कंपनीत लागले, आणि त्यानंतर आयुष्यभर लोकांची बंद पडलेली मशीनं चालू करून देत आले. आप्पांनी त्या दिवसाबद्दल परत शब्द काढला नाही. फक्त तो डबा त्यांनी ओसरीतून काढून माझ्या खोलीत, माझ्या हाताशी बसवला.

डिसेंबरात आनंदा रजेवर आला. काळा पडला होता, गालफडं बसली होती, पण हसत आला. काकू त्याच्यामागून सूप घेऊन ओसरीवर येऊन बसली, जणू अजून कुणाचा फोन यायचा होता. आप्पांच्या पाया पडून आनंदा मला म्हणाला, "जयाताई, त्या बुधवारी माझा जीव अर्धा झाला हुता बघा. रात्रभर झोप न्हाय. आईनं फोन नीट ठिवला नव्हता म्हनं. तेवढं शिकवा की तिला."

मी आप्पांकडे बघितलं, त्यांनी खाली बघितलं. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. माझं तोंड उघडलंही होतं. पण काकूनं सुपातून मान वर करून माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि मी गप्प बसले.

"ऱ्हाऊ दे, ताईला कशाला तरास," आनंदा म्हणाला. "आये, हिकडं ये. बघ. आसा धरायचा. हे तोंडाकडचं टोक हिकडं. आसा ठिवायचा, आन दाबून बघायचा."

काकू उठून फोनपाशी गेली. आनंदानं तिला रिसीव्हर कसा ठेवायचा ते तीनदा करून दाखवलं, आणि काकूनं तिन्ही वेळा ते नीट शिकून घेतलं.